दोन बोटं क्रीम आणि चाकणचं ऊन

शबानाचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी चहा घेत बसले होते. तिनं हालहवाल विचारली नाही. म्हणाली, "सुजा, तुझ्यासारखी एक मुलगी आहे इथं. सात वर्षांची. चाकणजवळ म्हाळुंग्यात एका खोलीत राहतात. दिवाळीपासून तिच्या आईनं तिला घराबाहेर काढलेली नाही. मी सांगून थकले. तू ये."

माझ्यासारखी म्हणजे काय, ते आधी सांगते. माझ्या अंगात रंगच नाही. जन्मल्यापासून केस पांढरट, भुवया पांढऱ्या, कातडी गुलाबी. डोळ्यांना लांबचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. डॉक्टर त्याला अल्बिनिझम म्हणतात, आमच्या दापोडीत सूर्यमुखी म्हणायचे. या नावाची मला लहानपणी फार गंमत वाटायची, कारण सूर्याकडे तोंड करणं हीच एक गोष्ट मला जमत नव्हती. बाकीच्यांची कातडी उन्हात काळवंडते आणि तेवढं ऊन पचवते. माझी नुसती भाजते.

शबाना माझी बालमैत्रीण. तिच्या वडिलांचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही बरोबर शाळेत गेलो. सकाळी जाताना ती माझ्या उजव्या हाताला चालायची आणि दुपारी येताना कोणत्या बाजूनं ऊन आहे ते बघून जागा बदलायची, म्हणजे तिची सावली माझ्यावर पडेल. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आई गेल्यावर दापोडीची खोली सोडली, त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर मी तिकडे फिरकलेच नव्हते. बँकेत चार दिवसांची रजा टाकली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघाले.

पिंपळे सौदागर

शबाना आता पिंपळे सौदागरला एका मोठ्या सोसायटीत राहते. नवरा युनूसभाई, त्यांचं तळवड्याला गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा इथं शेतं होती. सहावीत असताना शबानाचे वडील आम्हाला स्कूटरवरून इथल्या एका मळ्यात हुरड्याला घेऊन आले होते. त्या मळ्याच्या जागी आता काय आहे असं मी विचारलं, तर शबानानं गॅलरीतून बोट दाखवलं. मला तिच्या बोटापलीकडं काही दिसत नव्हतं. "पार्किंग," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला तिनं खिमा आणि ज्वारीची भाकरी केली होती. जेवताना तिनं त्या मुलीची सगळी हकीगत सांगितली. मुलीचं नाव आरोही. वडील बालाजी, परभणीकडचे, कंपन्यांच्या मालाचा टेम्पो चालवतात. टेम्पो दुरुस्तीला युनूसभाईंकडं येतो, तिथून ओळख. दिवाळीच्या आधी शाळेत कसलातरी कार्यक्रम होता, मुलांना दोन तास मैदानात बसवलं. आरोहीचा चेहरा, मान आणि हात भाजून फोड आले. तिची आई संगीता त्या दिवशी तिला घरी घेऊन आली, त्यानंतर बाहेर सोडलंच नाही.

"आता ते तिला गावी आजीकडं पाठवायचं म्हणताहेत," शबाना म्हणाली. "शाळा बंदच. या रविवारी बालाजीचा टेम्पो तिकडंच चाललाय."

मी मनात दिवस मोजले. बुधवार होता.

दापोडी

गुरुवारी बालाजीला सुट्टी नव्हती आणि त्याच्या गैरहजेरीत संगीता परक्या माणसांना घरात घेणार नाही असं युनूसभाईंचं म्हणणं पडलं. मग मी आणि शबाना दापोडीला गेलो.

सकाळी नऊला मी नेहमीप्रमाणे क्रीम लावलं. तर्जनी आणि मधलं बोट पुढं करायचं, दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. कान, कानामागं, हाताची मागची बाजू आणि चपलेतून दिसणारं पाऊल यांना वेगळं. मग पंधरा-वीस मिनिटं घरातच थांबायचं. शबाना दारात किल्ली वाजवत उभी होती. "अजून तशीच आहेस," ती म्हणाली, "शाळेत पण तुझ्यामुळे उशीर व्हायचा."

तेव्हा क्रीम कुठलं! आईनं वडिलांच्या कंपनीच्या जुन्या खाकी कपड्यातून मला एक टोपडं शिवून दिलं होतं. पुढं मोठी झालर आणि मागं मान झाकेल असा पदर. शाळेत मला 'फौजदार' म्हणायचे. घरी आलं की आई थंड पाण्यात भिजवलेला जुन्या लुगड्याचा तुकडा चेहऱ्यावर ठेवायची आणि औषधाच्या दुकानातलं गुलाबी लोशन लावायची. एकदा वडिलांना कंपनीतल्या एका साहेबांनी उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीमची परदेशी ट्यूब आणून दिली. घरात सोनं आल्यासारखं झालं. आई ती कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची आणि रोज सकाळी माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकावर टिकलीएवढा ठिपका लावून चोळायची. ती ट्यूब आम्ही जवळजवळ तीन वर्षं पुरवली. मी भाजतच राहिले. आईला वाटायचं, साहेबांच्या देशातलं औषध आपल्या उन्हाला पुरत नसेल. टिकलीएवढं क्रीम म्हणजे न लावल्यासारखंच आणि मुदत संपली की त्याचा काही भरवसा नाही, हे सांगणारं आम्हाला कुणी भेटलंच नाही. आजही बोटांवर रेघ ओढताना मला आईचा तो ठिपका आठवतो. किती जपून लावायची ती!

गल्लीत शिरल्यावर मी डोळे मिटून चालू शकले असते. रेल्वेचा आवाज, चक्कीचा वास, विहाराच्या पायऱ्या. मुंबई-पुणे रस्त्यावर आता मेट्रोचा पूल आला आहे आणि त्याची सावली रस्त्यावर पडते. माझ्या लहानपणी ही सावली असती तर, असं वाटून गेलं. आमच्या खोलीच्या जागी तीनमजली इमारत उभी आहे. शेजारच्या मंदाकाकू मात्र तिथंच, त्यांचा मुलगा आता आयटी कंपनीत आहे. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "डिट्टो आईसारखी हसतेस गं," म्हणाल्या. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि खरडा समोर आला आणि मग गच्चीवर पापड वाळत घातले होते तिथं गप्पांची बैठक बसली.

माझी फजिती इथं झाली. नागपुरात ऊन हे दांडगं असतं, दार उघडलं की अंगावर येतं, त्यामुळं लोक त्याला मान देतात. दुपारी बाराला रस्ते ओस पडतात. इकडं मार्चमध्ये वारं सुटतं, अंगाला गार लागतं, आणि ऊन आहे हेच विसरायला होतं. दोन तास होऊन गेले, क्रीम पुन्हा लावायला हवं, हे लक्षात आलं तेव्हा ट्यूब खाली शबानाच्या गाडीत होती. ती मी काचेखाली ठेवली होती आणि गाडी उभी होती भर उन्हात. काकूंच्या नातीनं ती आणून दिली. झाकण उघडलं तर आधी तेलकट पाणी आलं आणि मागून गुठळ्या. उन्हानं क्रीम बिघडलंय हे मला कळायला हवं होतं. मला तर नक्कीच कळायला हवं होतं! पण काकू आईच्या आठवणी सांगत होत्या, उठावंसं वाटेना. ते तसंच चोळलं, स्कार्फ बाजूला ठेवला आणि केस वर बांधून बसले.

संध्याकाळी मान पेटली.

म्हाळुंगे

शुक्रवारी सकाळी नवी ट्यूब घेण्यासाठी आम्ही सोसायटीसमोरच्या औषधांच्या दुकानात गेलो. मी डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, काळा चष्मा, लांब बाह्या. काउंटरवरच्या बाईंना सनस्क्रीन मागितलं तर त्यांनी वेगळंच खोकं पुढं केलं. "हे घ्या मॅडम, यात दोन्ही आहे. पंधरा दिवसांत रंग उजळतो."

मी स्कार्फ सोडला. बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग शबाना अशी हसत सुटली की काउंटर धरून उभी राहिली. शेवटी त्या बाईही हसल्या. "सॉरी हं, तुम्हाला काय लागतं ते तुम्हीच सांगा." मी दुसरं एक खोकं डोळ्यांजवळ धरून त्यांना बारीक अक्षरं वाचून दाखवली. एसपीएफचा आकडा पन्नास, दोन्ही प्रकारच्या किरणांपासून संरक्षण, वास नसलेलं, पाण्यानं लगेच न जाणारं आणि मुदत पुढच्या वर्षाची. दोन ट्यूब घेतल्या, शेजारच्या दुकानातून रुंद काठाच्या दोन कापडी टोप्याही. जुनी ट्यूब तिथल्याच डब्यात टाकली.

युनूसभाईंनी तळवड्याहून येऊन आम्हाला गाडीत घेतलं. देहू-आळंदी रस्त्यावरून पुढं गेलं की कंपन्यांच्या भिंती सुरू होतात. मला त्या लांबच लांब करड्या पट्ट्यांसारख्या दिसतात, मधेच हिरवा तुकडा येतो तो कांद्याचा किंवा उसाचा. शिफ्ट सुटली होती. बसगाड्यांच्या रांगेत अर्धा तास अडकलो, तेवढ्यात युनूसभाईंनी मला तीनदा बजावलं, "ताई, संगीताबाई तापट आहे. पण मनानं वाईट नाही."

पत्र्याच्या आठ खोल्यांची चाळ, पुढं अंगण. अंगणात खोल्यांच्या मालकीणबाई लसूण सोलत बसल्या होत्या. "पोरीला बघाया आलाय व्हय? आत हाय. भाईर येत न्हाई ती," त्यांनी सांगितलं.

बालाजीनं दार उघडलं. आत अंधार होता. खिडकीला गोणपाट लावलेलं. माझ्या डोळ्यांना तो अंधार एकदम बरा वाटला. भिंतीला टेकून आरोही बसली होती. पांढऱ्या दोन वेण्या, गुलाबी फ्रॉक. मी डोक्यावरचा स्कार्फ मागं सरकवला, माझे केस दिसले आणि ती हळूच उभी राहिली. जवळ येऊन तिनं माझ्या हाताला एक बोट लावलं, मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. मी पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत माझ्यासारखं माणूस समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. तिला ते सातव्या वर्षी मिळालं.

"बसा," संगीता म्हणाली. वय तिशीच्या आतलं, आवाज कोरडा. "शबानाताईंनी सांगितलंय सगळं. क्रीम लावा म्हणून. शेजारणीनं दिलं व्हतं एक क्रीम, गोरं व्हायचं. लावलं तर दुसऱ्या दिवशी आणखीच लाल झाली. मला न्हाई विश्वास."

मी पाणी प्यायला मान वर केली, स्कार्फ घसरला. तिनं उठून दिवा लावला आणि माझी मान बघितली.

"हे काय? तुमचंच भाजलंय की!" ती बालाजीकडं वळली. "बघा. यांनाच येईना सांभाळायला आन् आपल्याला शिकवायलेत."

शबाना काहीतरी बोलायला गेली, मी तिचा हात दाबला. खरं सांगण्याशिवाय दुसरं काय होतं माझ्याकडं? मी सगळं सांगितलं. गाडीतली ट्यूब, गुठळ्या, गच्चीवरच्या गप्पा, काढून ठेवलेला स्कार्फ. "चाळीस वर्षं उन्हाशी वागतेय, तरी काल चुकले. चूक माझी. आई असती तर मार खाल्ला असता."

संगीता मोरीपाशी गेली आणि हातात टूथपेस्ट घेऊन आली. "हे लावू का? थंड पडतंय."

"नको. नुसतं गार पाण्याचं फडकं पुरे."

तिनं ओढणीचा कोपरा माठातल्या पाण्यात बुडवला आणि माझ्या मानेवर ठेवला. बराच वेळ धरून उभी राहिली. "आग व्हायली?" तिनं विचारलं. हो म्हटलं. "ती पण अशीच गप बसती," आरोहीकडं बघत ती म्हणाली. "त्या दिवशी रात्रभर फुंकर घालत बसले मी. बोलली न्हाई, रडली न्हाई. त्यानंच माझा जीव गेला, ताई."

त्यानंतर ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. पहिलं काम कपड्यांचं. लांब बाह्या, पूर्ण पायजमा, टोपी, चष्मा. जे झाकता येतं ते झाकायचं आणि जे उरतं त्यालाच क्रीम, म्हणजे ट्यूबही पुरते. सकाळी अकरा ते दुपारी तीन सावलीत. क्रीम लावलं म्हणून तासन् तास उन्हात बसायची परवानगी मिळत नाही. घाम पुसला, तोंड धुतलं की पुन्हा लावायचं, नाहीतर दर दोन तासांनी. डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. ट्यूब माठाजवळ ठेवायची, टेम्पोत नाही. हे ऐकून बालाजी पहिल्यांदा हसला. नवं क्रीम एकदम चेहऱ्याला न लावता आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघायचं. आणि कातडीच्या डॉक्टरांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचंच, कारण मी काही डॉक्टर नाही.

आरोहीच्या कोपरात मी थोडंसं लावलं. ती कुजबुजली, "मला पण टोपी आहे का?"

तिला टोपी घातली. भुवयांपर्यंत आली.

निघताना बालाजी गाडीपर्यंत आला. "ताई, उद्या शाळेत याल का? आमचं कुणी ऐकणार न्हाई. रविवारी मला गाडी भरायचीच हाय. काय ते उद्या ठरंल."

शाळा

शनिवारी सकाळची शाळा. आम्ही सातलाच म्हाळुंग्यात पोचलो. आरोहीच्या कोपरात लाली नव्हती, खाज नव्हती. संगीतानं स्वतः तिच्या दोन बोटांवर रेघ ओढली. लहान बोटं, लहान चेहरा, माप तेच. नाक, गाल, कपाळ झालं आणि ती थांबली. "कानामागं," मी म्हणाले. मग वीस मिनिटं आम्ही सगळे त्या खोलीत बसून राहिलो. मालकीणबाईंनी गूळ घातलेला चहा पाठवला.

चहा पिता पिता संगीतानं विचारलं, "तुमच्या आईनं तुम्हाला बाहेर सोडलं कसं?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी आईलाही कधी विचारलं नव्हतं. तिसरीपर्यंत ती काळी छत्री धरून माझ्या आणि शबानाच्या बरोबर शाळेपर्यंत यायची. चौथीच्या पहिल्या दिवशी छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जा. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन मागं बघितलं. मला ती दिसली नाही, मला लांबचं दिसतच नाही. मंदाकाकूंनी परवा गच्चीवर मला सांगितलं, आई त्या दिवशी छत्रीशिवाय माझ्या मागोमाग शाळेपर्यंत आली होती आणि सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून होती. महिनाभर रोज. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मी हे सांगितलं. संगीतानं चहाचा कप खाली ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

मुख्याध्यापिकाबाई सुरुवातीला घाईत होत्या. नाव दाखल आहे, उपस्थिती नाही, वर्ष वाया गेलं, असं सगळं ऐकवलं. त्यांना वाटत होतं हा संसर्गाचा आजार आहे, इतर पालक विचारतील. मी माझं ओळखपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, मी दापोडीच्या शाळेत दहा वर्षं शिकले. माझ्या शेजारी ही शबाना बसायची. तिचा रंग बघा, अजून काही झालेलं नाही."

शबानानं दोन्ही हात पुढं केले. बाई हसल्या आणि मग खुर्चीत नीट बसल्या. विचारलं, "काय काय करावं लागेल?"

फार काही नव्हतं. टोपी आणि लांब बाह्यांना परवानगी. प्रार्थनेला व्हरांड्यात उभं राहू देणं. पहिल्या बाकावर, फळ्याजवळ, खिडकीपासून दूर जागा. मधल्या सुट्टीआधी हात-तोंड पुसून क्रीम लावायला पाच मिनिटं. बाईंनी एका कागदावर सगळं लिहून घेतलं आणि वर्गशिक्षिकेला बोलावलं.

वर्ग मैदानाच्या पलीकडं होता. मधे ऊन. वर्गशिक्षिकेनं हात पुढं केला. आरोहीनं आईकडं बघितलं. संगीतानं तिच्या टोपीची कड खाली ओढली. आरोही शिक्षिकेबरोबर निघाली. मला थोड्या वेळानं नुसता टोपीचा एक ठिपका दिसत होता, मग तोही नाही.

"गेली का वर्गात?" मी विचारलं.

"गेली," शबाना म्हणाली.

संगीता व्हरांड्याच्या पायरीवर बसली. आम्ही तिला चल म्हटलं नाही. बालाजीनं मोबाइल काढून टेम्पोच्या मालकाला सांगितलं की रविवारी गाडी भरतो, पण गावी पोरगी येणार नाही, एकटाच जाऊन येतो.

त्या दिवशी रात्रीच्या गाडीनं मी निघाले. शबाना स्टेशनवर सोडायला आली होती. फलाटावर तिनं माझ्या मानेवरचा स्कार्फ सारखा केला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी बारा वर्षं लावू नकोस."

मला नागपूरला येऊन तीन आठवडे झाले होते तेव्हा बँकेत दुपारी संगीताचा फोन आला. इतक्या जोरात बोलत होती की शेजारच्या टेबलावर ऐकू जात होतं.

"ताई, गुडघा फुटलाय तिचा! रक्त आलंय चांगलं."

"कशानं? उन्हात..."

"उन्हानं न्हाई हो! लंगडी खेळताना पडली. लिंबाखाली, सावलीत. बाईंनी फोन करून बोलावून घेतलं मला. केवढ्यांदा रडली म्हणं, सगळ्या शाळेला ऐकू गेलं." तिला दम लागला होता. "त्याच्यावर क्रीम लावायचं का न्हाई, ते विचारायला फोन केला."

"नाही. जखमेवर नाही लावायचं. आधी भरू दे."

"बरं," ती म्हणाली. मग फोन तसाच धरून पलीकडं कुणालातरी ओरडून सांगायला लागली, "अगं, पळू नको आत्ताच, थांब जरा!"